बिब्बा आणि बोळकी

पुष्कळ वर्षांपूर्वी, ज्या काळाचे पंचांग आज कोणापाशी उरलेले नाही त्या काळी, एका नदीकाठी एक राज्य होते. राजधानी टेकडीवर होती. टेकडीच्या पायथ्याशी, नदीला लागून, काठवस्ती होती. तेथे कुंभार, बुरूड, नावाडी आणि परीट राहत. त्यांची मडकी, टोपल्या आणि त्यांनी धुतलेली वस्त्रे खालून वर जात. वरून खाली फारसे काही येत नसे. आज्ञा तेवढ्या येत.

त्या राज्यात एक राजवैद्य होता. तो परमुलखातून आला होता. विद्वान होता, सत्यवचनी होता, देवभक्त होता. धन्वंतरीची पूजा झाल्यावाचून तो पाण्याचा घोटही घेत नसे. त्याच्या औषधात खोट नव्हती आणि त्याच्या मनात लोभ नव्हता. परंतु आपण जे करतो ते चांगले आहे, तेव्हा ते सर्वांना चांगलेच वाटणार, असे तो धरून चाले. मुलांनो, आणि मुलांच्या वडीलधाऱ्यांनो, ही चूक सज्जनांच्या हातून होते. म्हणूनच ती लवकर सापडत नाही.

दर वर्षी पावसाळा ओसरला की काठवस्तीत थंडीताप शिरे. जाताना तो दहावीस माणसे घेऊन जाई. राजवैद्याला हे पाहवेना. त्याने सातविणीची साल, किराईत आणि गुळवेल यांचा काढा सिद्ध केला आणि त्यात शोधन करून शुद्ध केलेला बचनाग रतीभर घातला. रोज एक पेला, असे सात दिवस घेतले की ताप समूळ जाई. परंतु बचनाग हे विष आहे. एकाच दिवशी दोन पेले पोटात गेले, तर तापाबरोबर प्राणही जाई.

राजाने टेकडीवर दगडी काढाशाळा बांधून दिली. काढा सर्वांना फुकट होता. कोणी चुकून दोनदा पिऊ नये म्हणून राजवैद्याने नियम घातला. येणाऱ्याने दारात उभे राहून आपले नाव, बापाचे नाव आणि वस्ती मोठ्याने सांगावी. पिऊन झाले की त्याच्या मनगटावर बिब्ब्याचा एक ठिपका उठवावा. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण करतो, ती कितीही धुतली तरी जात नाही. तसेच हे. दिवसाला एक ठिपका, आणि सात ठिपके झाले की औषध पुरे. या युक्तीचे राजवैद्याला फार समाधान वाटले.

काढाशाळा उघडली. पहिल्या दिवशी शहरातले पाचपन्नास लोक आले. काठवस्तीतून कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पदराने तोंड झाकलेली एक बाई आली. तिने कसेबसे नाव सांगितले. पेला ओठाला लावणार, इतक्यात तिची नजर बिब्ब्याच्या वाटीवर गेली. पेला तिच्या हातून पडला आणि ती पायऱ्या उतरत पळत सुटली. नंतर चौकशी केली, तेव्हा तिने सांगितलेल्या नावाची बाई वस्तीत नव्हतीच.

“वैद्यराज, या लोकांना फुकटाची किंमत नाही,” सेवक म्हणाला. “मोल लावा, उद्या रांग लागेल.”

“दवंडी पिटा,” राजवैद्य म्हणाला. “त्यांना कळले नसेल.”

दवंडी पिटली गेली. राजाची आज्ञा आहे, सर्वांनी टेकडीवर यावे, नाव सांगावे, खूण घ्यावी, काढा प्यावा. ढोलाचा आवाज काठवस्तीत पोहोचला, आणि वस्ती रिकामी झाली. तापाने फणफणलेली पोरे, कण्हणारे म्हातारे, सगळ्यांना होड्यांत घालून लोक पलीकडच्या तीरावर गेले आणि लव्हाळ्यांत लपून बसले. तेथल्या ओलीत दोन म्हातारी माणसे गेली.

ही बातमी ऐकून राजवैद्याला संताप आला. “मी प्राण वाचवायला बसलो आहे आणि हे माझ्यापासून पळतात!” तो म्हणाला. काढ्याचा तांब्या घेऊन तो एकटाच टेकडी उतरला. मनाशी त्याने कठोर शब्द जुळवून ठेवले होते.

वस्तीत सगळी दारे बंद होती. एकच दार उघडे होते. ते राहीआईचे, म्हणजे वस्तीच्या सुईणीचे. एका बाईचे दिवस भरत आले होते म्हणून ती मागे राहिली होती. तिची सात वर्षांची नात घोंगडीवर पडली होती. अंगणात एक कुंभार चाक फिरवीत बसला होता. त्याच्या मडक्यांना पाय नव्हते, म्हणून तोही गेला नव्हता.

राजवैद्याने मुलीची नाडी पाहिली, डोळे पाहिले. जुळवून ठेवलेले कठोर शब्द तो विसरला.

“आजी, हिचा ताप डोक्याकडे चढतो आहे. उद्याचा सूर्य मावळण्याच्या आत पहिला काढा पोटात गेला नाही, तर माझ्या हातात काही राहणार नाही. हा घ्या. मी बरोबर आणला आहे.”

राहीआईने तांब्याकडे पाहिले. हात पुढे केला नाही.

“बाबा, आधी एक सांग. तो बिब्बा कशाला?”

“कोणी दोनदा पिऊ नये म्हणून. दोनदा घेतला तर माणूस मरतो.”

अंगणातून कुंभार हसला. “वैद्यबुवा, आमच्या परटाला विचारा बिब्बा कशाला असतो ते. कपडा कोणाचा ते कळावं, चुकला तर धन्याकडे परत जावा, म्हणून. आता तुम्हीच सांगा, आम्ही कोणाची धोतरं?”

“थट्टा कसली करता? येथे मूल मरते आहे.”

“थट्टा आम्ही नाही केली,” कुंभार म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला.

राहीआईने हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या. मनगटावर एक काळा, सुरकुतलेला डाग होता.

“हा तुझा नव्हे. थोरल्या महाराजांचा. तीस वर्षं झाली. देवळाच्या आवारात प्रसाद वाटतात म्हणून आम्हाला बोलावलं. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, वस्ती विचारली. मनगटाला बिब्बा लावला. म्हणाले, प्रसाद कोणाला दोनदा जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी शिपाई आले आणि ज्याच्या हाताला खूण, त्याला नदीच्या बांधावर वेठीला नेलं. मी पोटुशी होते म्हणून मला परत धाडलं. मग बांधाची भिंत पडली. एक्केचाळीस माणसं परत आली नाहीत. माझा धनी त्यात होता.”

“राजाला विचारले नाहीत?”

“विचारलं की. म्हणाले, मेलं कोणी नाही, सगळे वेठ चुकवून पळाले. तेव्हापासून वर आम्हाला पळपुट्यांची वस्ती म्हणतात. धनी मेला असं राजा म्हणत नाही, म्हणून या बांगड्या फोडता येत नाहीत. तो येतही नाही, म्हणून यांना अर्थ नाही. त्याला पिंड नाही, पाणी नाही.”

राजवैद्याची नजर मुलीच्या हातांकडे गेली. दोन्ही मनगटांना काळ्या दोऱ्याचे रुंद वेढे होते. वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या आणि तरुणांच्या हातांना ते असत. त्याने पूर्वी ते पाहिले होते आणि अडाण्यांचा गंडा म्हणून सोडून दिले होते.

“बारशाच्या दिवशी मीच बांधते,” राहीआई म्हणाली. “बिब्बा लावायला जागाच राहू नये म्हणून. आणि पोरांना शिकवतो, परक्याला नाव सांगायचं नाही.”

राजवैद्य खाली मान घालून बसला. काढ्यातल्या विषाचा त्याने रतीपर्यंत विचार केला होता. या तीस वर्षांचा विचार त्याच्या मनातही आला नव्हता.

“आजी, मला हे ठाऊक नव्हते.”

“ठाऊक नसण्याला मी दोष देत नाही, बाबा. तू विचारलं नाहीस.”

“आता विचारतो. बिब्बा नको, नाव नको. मग काढा दिवसाला एकदाच पोटात जाईल हे कसे साधावे? दोनदा गेला तर मृत्यू, हे मी खोटे सांगत नाही.”

राहीआई विचार करू लागली. कुंभाराने चाक थांबवले. चाकावरून उतरवून उन्हात वाळवलेले एक बोळके त्याने पुढे केले.

“हे घ्या. भाजलेलं नाही, कच्चं आहे. एकदा काढा ओता, पिऊन होईपर्यंत टिकेल. दुसऱ्यांदा ओतलात तर हातात चिखल येईल.”

“आणि माणशी एकच बोळके जाईल, हे कोण पाहणार? नाव न विचारता?”

“मी,” राहीआई म्हणाली. “रोज सकाळी दारोदार मी वाटीन. बोळकं असेल त्याला काढा, नसेल त्याला नाही. या वस्तीतलं पस्तिशीच्या आतलं एकूणएक डोकं माझ्या या हातांत पडलेलं आहे. मला फसवायला कोण उठतोय?”

“हा म्हातारा पस्तिशीच्या वरचा आहे,” कुंभार म्हणाला.

“तुला फसवता येत असतं तर तुझी गळकी मडकी कधीच खपली असती,” राहीआई म्हणाली.

राजवैद्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच हसू आले. त्याने तांब्या पुन्हा पुढे केला. “मग हे पहिले बोळके नातीला द्या.”

राहीआईचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“माझाच हात पुढं होत नाही, बाबा. तू खरा दिसतोस. पण तो प्रसाद वाटणाराही खराच दिसत होता. ती एक्केचाळीस माणसं कुठं गेली, ते वरून कोणीतरी एकदा खरं सांगा. मग तुम्ही विष दिलंत तरी वस्ती पिईल.”

राजवैद्य तेथून थेट राजवाड्यात गेला. थोरल्या महाराजांविषयी वाईट बोलणाऱ्याला राज्याची हद्द सोडावी लागे, असा कायदा होता. राजवैद्याला तो ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि राजा वडिलांच्या श्राद्धाची तयारी पाहत होता. राजवैद्याने सर्व काही सांगितले. एक शब्दही मऊ केला नाही.

राजाचा चेहरा कठीण झाला. “वैद्यराज, तुम्ही औषध द्यायला आलात की माझ्या वडिलांचे श्राद्ध मोडायला?”

“महाराज, आपल्या वडिलांना उद्या पिंड मिळतील. त्या एक्केचाळीस जणांना तीस वर्षांत पाण्याची ओंजळही मिळाली नाही, कारण ते मेले असे कोणी म्हटलेच नाही. मला हद्दपार करा. मी उद्या सूर्यास्तानंतर जाईन. तोवर ते मूल माझे आहे.”

भिंत पडली तेव्हा राजा पंधरा वर्षांचा होता. त्या दिवशी वडिलांनी दरवाजा लावून घेतला होता आणि दोन दिवस ते जेवले नव्हते, हे त्याला आठवत होते. का, हेही त्याला तेव्हाच कळले होते. देवापुढे बसताना ते रोज त्याच्या मनात येई आणि रोज तो ते मागे सारी.

“उद्या मी स्वतः खाली येतो. वस्तीला कसे कळवायचे?” त्याने विचारले. “दवंडीने?”

“दवंडीने नको, महाराज,” राजवैद्य म्हणाला. “राहीआईच्या तोंडून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा टेकडी उतरला. छत्र नव्हते, शिपाई नव्हते, पायांत वहाणा नव्हत्या. श्राद्धाचे दर्भ आणि तीळ त्याने स्वतःच्या हातांत घेतले होते. मागे राजवैद्य आणि एक उपाध्याय होते. राहीआईचा निरोप ऐकून काठवस्तीचे लोक पलीकडून आले होते. परंतु अर्धे लोक काठावर उतरले आणि अर्धे होड्यांतच बसून राहिले. एकही नाव खुंट्याला बांधलेली नव्हती. वल्ही हातांत तयार होती.

राजा पाण्यात गुडघाभर उतरला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

“बांधाची भिंत पडली,” तो म्हणाला. “तिच्याखाली एक्केचाळीस माणसे गेली. ती पळाली नव्हती. माझ्या वडिलांना हे ठाऊक होते. मलाही होते. ते खोटे बोलले आणि मी गप्प राहिलो. आज मी माझ्या पितरांच्या आधी त्या एक्केचाळीस जणांना पाणी द्यायला आलो आहे. परंतु मला त्यांची नावे ठाऊक नाहीत. तुम्ही सांगितलीत तर मी घेईन. सांगितली नाहीत, तर तो तुमचा अधिकार आहे.”

ज्यांनी तीस वर्षे आपल्या लेकरांना नाव न सांगण्याचे शिकवले, त्यांनी आता काय करावे?

उपाध्याय हळूच म्हणाला, “महाराज, यांची गोत्रेही आपल्याला ठाऊक नाहीत.”

“ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप,” राजा म्हणाला. “तुम्हीच शिकवलेत.”

तेव्हा राहीआई पुढे आली. त्या काळी बायको नवऱ्याचे नाव तोंडाने उच्चारत नसे. राहीआईने लग्नापासून ते उच्चारले नव्हते. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तुळाजी. तुळाजी नावाडी.”

राजाने ओंजळ भरली. “काश्यपगोत्राच्या तुळाजीस हे तिलोदक पोहोचो,” असे म्हणून त्याने ती नदीत सोडली.

मग होड्यांमधून एक आवाज आला. मग दुसरा. लेक बापाचे नाव सांगू लागले, भाऊ भावाचे. कोणी रडत सांगितले, कोणी ओरडून. एक्केचाळीस नावे घेतली गेली, एक्केचाळीस ओंजळी सोडल्या गेल्या. शेवटची ओंजळ सुटली तेव्हा नदीवर सगळ्या नावा खुंट्यांना बांधलेल्या होत्या. त्या कोणी आणि केव्हा बांधल्या, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

राजवैद्याने बिब्ब्याची वाटी आणली होती. ती तो पाण्यात टाकणार, तोच परीट पुढे धावला. “अहो वैद्यबुवा, टाकता कशाला? द्या इकडं. धोतरांना लागतो तो.” आणि तीस वर्षांत प्रथमच काठवस्ती राजासमोर मोकळेपणाने हसली.

काठावर चूल पेटली. टेकडीवरची काढ्याची कढई खाली आली. कुंभाराची कच्ची बोळकी टोपलीतून आली. राहीआईने पहिले बोळके उचलले, भरून घेतले आणि नातीच्या ओठांना लावले. सूर्य तेव्हा डोक्यावरही आला नव्हता.

मुलीने तोंड वाकडे केले. “कडू आहे.”

“कडूच असतं,” राहीआई म्हणाली. “पी.”

त्या दिवशी सबंध काठवस्तीने काढा घेतला. सात दिवस रोज घेतला. नाव कोणी विचारले नाही, खूण कोणी केली नाही, आणि दोनदा कोणी प्यायले नाही. रिकामे बोळके जो तो आपल्या हाताने नदीत सोडी आणि माती मातीला मिळे. सातव्या दिवशी राहीआईची नात उठून बसली. तिने भाकरी मागितली, आणि आपले बोळके नदीपर्यंत स्वतः चालत नेले. त्या वर्षी त्या दिवसानंतर तापाने एकही माणूस गेले नाही. लव्हाळ्यांत गेलेल्या दोन म्हाताऱ्यांसाठी मात्र राजवैद्य जन्मभर दर अमावास्येला पाणी सोडीत राहिला.

राहीआईने बांगड्या उतरवल्या आणि तुळाजीचे रीतसर तेरावे केले. राजाने हद्दपारीचा कायदा रद्द केला. राजवैद्याला त्याने कोठेही जाऊ दिले नाही.

पुढच्या वर्षी एक नवल घडले. टेकडीवरच्या लोकांनीही बोळकी मागितली. बिब्बा त्यांच्या कातडीवरही उतत होता, फोड येत होते. फक्त कोणी बोलले नव्हते. दगडी काढाशाळेत कुंभाराची कच्ची बोळकी वाळू लागली. काठवस्तीच्या बाया कढई घेऊन नावेने दूरच्या गावी काढा द्यायला जाऊ लागल्या, आणि त्यांच्या हातून घ्यायला कोणी घाबरले नाही. बारशाच्या दिवशी काळे दोरे बांधणे आपोआप सुटले. आता बाळाचे नाव अंगणात उभे राहून मोठ्याने घेतले जाई, पलीकडच्या तीराला ऐकू जाईल असे.

शेजारच्या राजाने आपला वैद्य काढ्याचा पाठ, म्हणजे कृती, मागायला धाडला. राजवैद्याने त्याला पाठ सांगितला, वजने सांगितली, बचनागाचे शोधन सांगितले. तो निघाला तेव्हा त्याला पुन्हा हाक मारली.

“एक राहिले,” तो म्हणाला. “कढई चढवण्याआधी त्यांच्या अंगणात जाऊन बसा. ते का येत नाहीत, ते त्यांना विचारा. आणि उत्तरात आपल्या राजाचा दोष निघाला, तर परत येऊन आधी राजाला सांगा.”

बोध : दुर्बळांच्या भल्याचे काही उभारायचे असेल त्याने आधी त्यांच्या दारी बसून त्यांची भीती ऐकावी आणि तिच्यामागचा आपला दोष आपल्या तोंडाने कबूल करावा, कारण परमेश्वराने विश्वासाला आत येण्यासाठी दुसरी वाट ठेवलेली नाही.